टँकर उलटला तर आधी वारा बघा

खळ्यावर उपणायला उभ्या राहिलेल्या बाईला वारा कुठून येतोय हे कुणी सांगावं लागत नाही. टोपलं डोक्याच्या वर नेलं की धान्य पायाशी पडणार आणि भूस कुठल्या अंगाला उडणार, हे तिला आधीच ठाऊक असतं. भुसाच्या अंगाला ती कधी उभी राहत नाही, लेकरालाही तिकडे बसू देत नाही. आता मळणीयंत्रं आली, खळी कमी झाली, पण चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक खान्देशी माणसाच्या अंगात ही जाण अजून आहे. रस्त्यावर रसायनाचा टँकर उलटला तर काय करायचं, याचं निम्मं उत्तर तिच्यातच आहे.

उरलेलं निम्मं थोडं शिकावं लागतं. आपण राहतो तो मुलूख अशा टँकरांच्या वाटेवर आहे, म्हणून ते शिकायलाच हवं. सुरतेहून निघालेला जुना सहा नंबरचा, आता त्रेपन्न क्रमांकाचा महामार्ग नवापूरवरून कोंडाईबारीचा घाट ओलांडतो आणि साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ करत मुक्ताईनगरकडे जातो. मुंबई-आग्रा रस्ता त्याला धुळ्याला छेदतो आणि शिरपूर, पळासनेरवरून बिजासन घाट चढतो. पश्चिमेला गुजरातेतल्या हजिरा आणि अंकलेश्वरच्या कारखान्यांच्या वसाहती. तिथला माल देशाच्या मध्यभागी न्यायचा तर आपल्या दारावरूनच जातो. पेट्रोल, डिझेल, स्वयंपाकाचा गॅस, अमोनिया, गंधकाम्ल, कॉस्टिक सोडा, स्पिरिट असं सगळं. भुसावळच्या यार्डात तेलाच्या टाकी-वाघिणी उभ्या दिसतात त्या वेगळ्याच.

घाटउतारावर ब्रेक निकामी झाला की काय होतं ते पळासनेरने ४ जुलै २०२३ला पाहिलं. कंटेनर थेट रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि दहाहून अधिक माणसं गेली. त्या गाडीत घातक रसायन नव्हतं. असतं तर काय झालं असतं, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

माझे मामा पारोळा-एरंडोलच्या दरम्यान हमरस्त्याला लागून पंक्चर काढायचं दुकान चालवतात. काही वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, त्यांच्या दुकानासमोर एक टँकर कलंडला. पाच मिनिटांत वस्तीवरून माणसं कॅन, कळशा, बादल्या घेऊन आली. मामाही दोन पावलं पुढे गेले होते. मी विचारलं, "मामा, तुम्हाला भीती नाही वाटली?" ते म्हणाले, "भीती कशाची रे? तेल सांडलंय एवढंच कळलं. मागे नंबर होता, बाराशे तीन. तो काय असतो हे तेव्हा कुणाला माहीत? वासाने डोकं गरगरलं म्हणून मागे फिरलो, नाहीतर मीही कॅन आणायला गेलो असतो." त्या दिवशी काही पेटलं नाही. पेटायला काहीच कमी नव्हतं.

नंबर काय सांगतो

बाराशे तीन म्हणजे पेट्रोल. हा नंबर कंपनीचा नसतो, गाडीचाही नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत प्रत्येक घातक पदार्थाला चार आकडी क्रमांक दिलेला आहे आणि तो जगभर एकच असतो. त्याला यूएन नंबर म्हणतात. डिझेल १२०२, रॉकेल १२२३, स्वयंपाकाचा गॅस १०७५, अमोनिया १००५, क्लोरीन १०१७, गंधकाम्ल १८३०, हायड्रोक्लोरिक आम्ल १७८९. सगळे पाठ करायची गरज नाही. गाडीवरचे चार आकडे बघायचे आणि फोनवर तसेच सांगायचे, एवढं जमलं तरी अग्निशमन दलाचा निम्मा वेळ वाचतो. "टँकर उलटलाय, धूर येतोय" हे ऐकून बंब फक्त निघतो. "१०७५ आहे" हे ऐकलं की काय घेऊन निघायचं आणि कुठे थांबायचं ते त्यांना कळतं.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी अशा गाडीवर माहितीची पाटी लावणं बंधनकारक केलं आहे. पाटी दोन्ही बाजूंना आणि मागे असते. तिच्यावर पदार्थाचं नाव, यूएन नंबर, धोक्याचं चौकटचिन्ह, माल पाठवणाऱ्याचा आणि तज्ज्ञ सल्ल्याचा फोन असतो. त्यासोबत एक आकडा आणि एक-दोन इंग्रजी अक्षरं असतात, त्याला हॅझकेम कोड म्हणतात. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये एक कार्डही असायला हवं. ट्रेम कार्ड म्हणतात त्याला. गळती झाली, आग लागली, कुणाच्या डोळ्यात गेलं तर काय करायचं, हे त्यावर लिहिलेलं असतं. घातक माल नेणाऱ्या ड्रायव्हरने तीन दिवसांचं खास प्रशिक्षण घेतलेलं असावं आणि तशी नोंद त्याच्या लायसनवर असावी, असंही हे नियम सांगतात. म्हणून ड्रायव्हर किंवा क्लीनर सुखरूप बाहेर पडला असेल तर त्याला आधी मारहाण करू नका. त्याला वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडून येतोय तिकडे, न्या, पाणी द्या आणि आत काय आहे ते विचारा. त्या घटकेला सगळ्यात जास्त माहिती त्याच्याकडेच असते. जमावाच्या भीतीने तो शेतातून पळून गेला तर ती माहितीही त्याच्याबरोबर जाते.

चौकटचिन्ह म्हणजे एका टोकावर उभा केलेला चौकोन. त्याचा रंग लांबूनही दिसतो. लाल म्हणजे पेट घेणारं, मग वायू असो की द्रव. पांढऱ्यावर कवटी म्हणजे विष. वर पांढरा आणि खाली काळा असेल तर जाळणारं, म्हणजे आम्ल किंवा कॉस्टिक. पिवळा रंग दुसऱ्याची आग भडकवणाऱ्या पदार्थाचा. निळा म्हणजे पाणी लागलं की पेटणारा वायू सोडणारं. नारिंगी म्हणजे स्फोटकं. हिरवा असेल तर वायू न पेटणारा आणि विषारी नसलेला, पण दाबाखाली भरलेला.

निळ्या चिन्हाबद्दल इथल्या वाचकांसाठी थोडं जास्त सांगतो. कॅल्शियम कार्बाइड त्याच गटात येतं. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात हे नाव कुणाला नवं नाही. फळं पिकवायला ते वापरण्यावर कायद्याने बंदी आहे, त्याऐवजी इथिलीन वायूच्या खोल्या आल्या आहेत. पण वेल्डिंगच्या गॅससाठी कार्बाइडचे डबे आजही रस्त्याने जातात. पाणी लागलं की त्यातून ॲसिटिलीन निघतो आणि तो ठिणगीची वाटच बघत असतो. अशा गाडीवर गावकऱ्यांनी भलेपणाने बादलीभर पाणी ओतलं तर ते आगीत तेल ओतण्यासारखंच होईल.

हॅझकेम कोड मुळात बंबवाल्यांसाठी आहे, पण तो वाचता आला तर आपल्यालाही पुरेसं कळतं. पहिला आकडा विझवायला काय वापरायचं ते सांगतो: १ म्हणजे पाण्याचा जाड फवारा, २ म्हणजे बारीक तुषार, ३ म्हणजे फेस, ४ म्हणजे कोरडी भुकटी, पाणी बिलकूल नको. त्यापुढच्या अक्षरावरून कळतं की अंगावर कसला पोशाख हवा, पदार्थ पाण्याने पातळ करून वाहू द्यायचा की बांध घालून अडवायचा, आणि तो उसळून स्फोटासारखा वागू शकतो का. शेवटी ई (E) हे अक्षर असेल तर आसपासची माणसं हलवण्याचा विचार करा, असा त्याचा अर्थ. पेट्रोलवर '३वायई' (3YE) असतं. फेस लागेल, अडवावं लागेल, उसळण्याचा धोका आहे, वस्ती हलवावी लागेल, हे सगळं त्या तीन खुणांत येतं. सामान्य माणसाने तिथलं शेवटचं ई शोधावं. ते दिसलं की पुढचा फोन गावच्या पोलीस पाटलांना.

ही सगळी पाटी वाचायला जवळ जायचं नाही, यावर मी सगळ्यात जास्त भर देईन. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. लांब उभं राहून फोटो मोठा करा, नंबर वाचा. वाचता आला नाही तर सोडून द्या. नंबरासाठी पुढे गेलेला माणूस बेशुद्ध पडला तर त्याला आणायला आणखी दोघं जातात आणि तेही तिथेच पडतात. विहिरीत किंवा शौचटाकीत उतरलेल्यांच्या पाठोपाठ माणसं जातात ती अशीच.

किती लांब म्हणजे लांब

अग्निशमन दलं जी अंतरं पाळतात ती ऐकून सुरुवातीला मलाही धक्का बसला होता. आत काय आहे हेच कळत नसेल तर चारी बाजूंनी किमान १०० मीटर. पेट्रोल-डिझेल सांडलं असेल तर ५० मीटर, मोठी गळती असेल तर वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडे जातोय तिकडे, ३०० मीटर. तोच टँकर पेटला तर ८०० मीटर. गॅसचा टँकर आगीत सापडला तर १६०० मीटर, म्हणजे दीड किलोमीटरहून जास्त. स्फोटकांच्या गाडीच्या मालापर्यंत आग पोचली तरी एवढंच अंतर, आणि ती आग विझवायला जाऊच नये. ज्यांनी विहिरीला सुरुंग लावलेले पाहिले आहेत त्यांना दगड किती लांब येतो हे सांगायला नको.

मीटर मोजायला टेप कुणाजवळ नसतो. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. हात सरळ पुढे करा, अंगठा उभा धरा, एक डोळा मिटा. अंगठ्याआड सगळा अपघात झाकला गेला पाहिजे. टँकर अंगठ्याबाहेर दिसत असेल तर आपण अजून जवळ आहोत.

अंतर एवढं का, हे गॅसच्या टँकरवरून नीट समजतं. एका टँकरमध्ये साधारण १७-१८ टन गॅस असतो, म्हणजे घरातली सुमारे बाराशे सिलिंडरं. दाबाखाली तो द्रव असतो. बाहेर पडला की जवळपास २५० पट पसरतो आणि हवेपेक्षा जड असल्याने वर न जाता जमिनीलगत सरपटतो. नाल्यात उतरतो, मोरीखालून पलीकडे जातो, केळीच्या बागेत शिरला तर वारा नसल्याने तिथेच साचून राहतो. हवेच्या शंभर भागांत साधारण दोन ते साडेनऊ भाग गॅस झाला की तो पेट घेऊ शकतो. ठिणगी टँकरजवळच पडायला हवी असं नाही. दोनशे मीटरवरच्या ढाब्याची भट्टी, सुरू होणारी मोटारसायकल, शेतातल्या मोटरचा स्टार्टर, काहीही पुरतं. आणि पेटल्यावर आग गॅसच्या वाटेने उलटी टँकरपर्यंत धावत येते.

२० डिसेंबर २०२४ला जयपूरजवळ भांकरोट्याला पहाटे हेच झालं. वळण घेणाऱ्या गॅसच्या टँकरला ट्रकची धडक बसली, व्हॉल्व्ह तुटले, गॅस रस्त्यावर पसरला आणि पेटला. तीसहून अधिक वाहनं जळाली, त्यांत प्रवाशांनी भरलेली बसही होती. त्यातल्या बहुतेकांचा त्या धडकेशी काही संबंध नव्हता. ते फक्त मागे रांगेत थांबले होते. त्याआधी २७ ऑगस्ट २०१२ला केरळात कन्नूरजवळच्या चाला गावी रात्री गॅसचा टँकर दुभाजकावर आदळून पेटला आणि वीस माणसांचा बळी गेला, तेही रस्त्याकडेच्या घरांमधल्या.

दुसरा धोका टाकीच फुटण्याचा. बाहेरून आग लागली की आतला द्रव उकळू लागतो. टाकीचा जो भाग आतून द्रवाने भिजलेला असतो तो थोडा तग धरतो, कारण द्रव उष्णता ओढून घेतो. वरच्या भागात मात्र नुसती वाफ असते. तिथला पत्रा तापून मऊ पडतो आणि आतला वाढता दाब त्याला फाडतो. सगळा द्रव एका क्षणात वायू होतो आणि आगीचा गोळा उठतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला ब्लेव्ही म्हणतात. त्याआधी खुणा दिसू शकतात. सुरक्षा व्हॉल्व्हमधून येणारा फुसकारा चढत जाऊन शिट्टीसारखा किंचाळू लागतो, टाकीचा रंग बदलतो, पत्रा फुगतो. अशा वेळी बंबवालेही माघार घेतात. पण खूण दिसल्यावर पळू असं ठरवून जवळ थांबायचं नाही, कारण कधी कधी खूण दिसतच नाही.

फुकटचं तेल

आता त्या कॅन-कळश्यांबद्दल. या माणसांना लुटारू म्हणणं मला पटत नाही. पाच लिटर पेट्रोल म्हणजे शेतमजुराच्या एका दिवसाच्या रोजाहून जास्त पैसे. ते मातीत जिरताना बघून कुणाचाही जीव तुटतो. पण २५ जून २०१७ला पाकिस्तानात अहमदपूर शर्किया इथे असाच टँकर उलटला, गावकरी भांडी घेऊन आले, मोटारसायकलींची गर्दी झाली आणि थोड्या वेळाने सगळं पेटलं. दोनशेहून अधिक माणसं त्यात गेली. आपल्यासारखीच शेतावर राबणारी माणसं होती ती.

पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांनाही पेटू शकते. डिझेल मात्र 'बिनधोक' असा समज आपल्याकडे पक्का आहे. डिझेल चुलीत ओतलं तरी लवकर पेटत नाही, असं सांगणारे भेटतात. हे थंडीत बऱ्याच अंशी खरं आहे. आपल्याकडच्या मानकानुसार डिझेलचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो अंश, किमान ३५ असावा लागतो. पुष्कळदा तो याहून वर असतो. पण आता भुसावळचा मे महिना आठवा. सावलीत ४५ अंश, आणि डांबर तर हात लावू देत नाही. त्या तापलेल्या डांबरावर पसरलेलं डिझेल आणि जानेवारीतलं डिझेल यांत फार फरक आहे. साखर कारखान्यांच्या आसवनीतून निघणारं स्पिरिट तर डिझेलहूनही लवकर पेटतं. शिवाय त्याची ज्योत फिकट असते, भर उन्हात दिसतच नाही.

पेट्रोलमध्ये पाय बुडाले, धोतर-साडी भिजली, तर तो माणूस घरी गेल्यावरही धोक्यातच असतो. चुलीजवळ जाण्याआधी, बिडी पेटवण्याआधी कपडे बाहेरच उतरवून अंग धुवायला हवं.

आम्ल आणि विषारी वायू

गंधकाम्लाचा टँकर फुटला तर आपला पहिला आवेग पाणी टाकण्याचा असतो. तीव्र गंधकाम्लावर पाणी पडलं की प्रचंड उष्णता निघते, ते उसळतं, आम्लाचे थेंब उडतात. त्यामुळे सांडलेल्या आम्लाला हात लावायचा नाही. पण तेच आम्ल माणसाच्या अंगावर उडालं असेल तर भिजलेले कपडे लगेच काढून भरपूर वाहतं पाणी, किमान पंधरा-वीस मिनिटं. बोअरचा पाईप, पाण्याचा टँकर, जे मिळेल ते. डोळ्यात गेलं असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून पाणी सोडायचं. हळद, तूप, टूथपेस्ट काही लावायचं नाही. जमिनीवरच्या आम्लाला पाणी नको आणि अंगावरच्या आम्लाला मात्र भरपूर पाणी हवं, हा फरक घरातल्या लहान-मोठ्या सगळ्यांना समजावून ठेवा.

अमोनिया शीतगृहांत आणि दूध थंड करण्याच्या केंद्रांत असतो, क्लोरीन नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात. क्लोरीनच्या मोठ्या नळकांड्याला तिथले लोक टनर म्हणतात, त्यात सुमारे ९०० किलो वायू मावतो. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड आणि पिवळसर हिरवा असतो. त्यापासून वाचायला उंचावर जावं: गच्ची, माळवद, टेकडी. तळघर किंवा नाला नको. अमोनिया खरं तर हवेपेक्षा हलका, पण टँकरमधून फुटून निघाला की थंडगार पांढरं धुकं होऊन बराच वेळ जमिनीलगतच राहतो. तो पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून तोंडावर ओलं फडकं धरून बाहेर पडलं तर थोडा दिलासा मिळतो. थोडाच. ओल्या फडक्याच्या भरवशावर आत जाऊन कुणाला ओढून आणायचा प्रयत्न करू नये. करोनातला मास्क इथे काहीच कामाचा नाही.

हे वायू रात्री जास्त लांब पोचतात. कारण आपण दर हिवाळ्यात डोळ्यांनी बघतो. संध्याकाळी चुली पेटल्या की धूर वर जात नाही, गावावर पांघरुणासारखा आडवा पसरतो. जमीन गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन तळाशी बसते, वरची गरम हवा तिच्यावर झाकण ठेवते. दुपारी हाच धूर सरळ वर जाऊन विरला असता. म्हणून विषारी वायूसाठी रात्रीची अंतरं दिवसाच्या कितीतरी पट धरलेली असतात. रात्री गळती झाली तर दूरच्या वस्तीलाही उठवावं लागतं. मंदिराचा आणि मशिदीचा भोंगा यासाठी फार कामाचा, आणि कोतवालाचा आवाजही.

बाहेर पळायचं की घरात थांबायचं? यावर माझं मत असं: पेट घेणारा वायू किंवा आग असेल आणि वाट मोकळी असेल तर निघा. विषारी वायूचा ढग दारात आलाच असेल तर घरात थांबणं बहुधा बरं. ११ मे १९७६ला अमेरिकेत ह्यूस्टन शहरात अमोनियाचा टँकर पुलावरून खाली कोसळला, तेव्हा बंद इमारतींत थांबलेले लोक बाहेर पळालेल्यांपेक्षा कितीतरी सुखरूप राहिले. घरात थांबायचं तर दारं-खिडक्या लावा, फटींत ओले कपडे कोंबा, आणि कूलर बंद करा. खान्देशात उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालतो आणि त्याचं कामच बाहेरची हवा खेचून आत फेकण्याचं. खिडक्या घट्ट लावून कूलर चालू ठेवला तर विष आपणच घरात ओढू. मात्र घरात स्वयंपाकाच्या गॅसचा वास आधीच आला असेल तर कुठल्याच बटणाला हात लावू नका, चालू असेल ते चालू राहू द्या आणि बाहेर पडा.

बाहेर पडताना ढगाच्या पुढे पुढे धावायचं नसतं, कारण वारा आपल्यापेक्षा दमदार. वाऱ्याला आडवं जायचं. वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहत असेल तर उत्तरेला किंवा दक्षिणेला निघायचं, म्हणजे ढगाच्या पट्ट्यातून लवकर बाहेर येतो. मग वळसा घालून वाऱ्याच्या वरच्या अंगाला.

फोन करताना

११२ लावा. १०१ अग्निशमन दलाचा, १०८ रुग्णवाहिकेचा, १०३३ राष्ट्रीय महामार्गाचा, १०७७ जिल्हा नियंत्रण कक्षाचा, १९०६ स्वयंपाकाच्या गॅसच्या गळतीसाठी. हे फोन लांबून करायचे, वासाच्या पट्ट्यात उभं राहून नाही. आधी जागा सांगा: रस्त्याकडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा आणि गाडी कुठल्या दिशेने जात होती ते. "फाट्याजवळ" एवढ्याने धुळ्याच्या किंवा जळगावच्या माणसाला काही कळत नाही, फाटे शंभर आहेत. मग यूएन नंबर, धूर किंवा ढग दिसतो का, कोण अडकलंय, आणि वारा कुठून कुठे वाहतोय. ही शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात. ती ऐकून बंब कुठल्या बाजूने आणायचा हे ठरतं. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी धुळ्यातच असते, पण तिला यायलाही वेळ लागतो. तोवरचा पाऊण-एक तास गावाचाच असतो.

त्या वेळात करण्यासारखी सगळ्यात मोलाची मदत म्हणजे दोन्ही बाजूंची वाहनं लांबवर थांबवणं आणि इंजिन बंद करायला लावणं. जयपूरची रांग आठवा. बसमध्ये बसला असाल आणि पुढे असा टँकर असेल तर "ट्रॅफिक सुटेल" म्हणून बसून राहू नका. सामान सोडून उतरा आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला चालू लागा. जखमींना मदत करणाऱ्या भल्या माणसाला पोलिसांच्या चौकशीत अडकवता येत नाही, २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच तसं संरक्षण आहे. तेव्हा भीती बाळगू नका, पण वायूच्या किंवा आगीच्या आत शिरू नका.

गळत नसलेला उलटा टँकरही निर्धास्त नसतो. क्रेन लावून भरलेला टँकर उचलताना तो फाटू शकतो. आधी आतला माल दुसऱ्या टँकरमध्ये घ्यायचा असतो, आणि ते कंपनीच्या प्रशिक्षित माणसांचं काम. रस्ता लवकर मोकळा व्हावा म्हणून गावातून क्रेनवाल्याला बोलावणं टाळा.

गाडी गेल्यावरही काही दिवस सावध राहावं लागतं. सांडलेलं रसायन चारीतून नाल्यात आणि नाल्यातून गिरणा, पांझरा, तापीत जातं. जवळच्या विहिरी, हातपंप, गुरांचे हाळ पाणी तपासून मिळेपर्यंत बंद ठेवावेत. ग्रामपंचायतीने तशी लेखी मागणी केली तर पुढे तो कागद उपयोगी पडतो. पीक जळालं, बैल दगावला, माणूस जखमी झाला तर १९९१च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. घातक मालाची रस्त्यावरची वाहतूकही त्यात येते. चूक कुणाची हे अर्जदाराने सिद्ध करावं लागत नाही. अपघातापासून पाच वर्षांत अर्ज करायचा असतो. पंचनामा आणि फोटो त्याच दिवशीचे ठेवा.

मामांनी दुकानाच्या शटरवर ऑइलपेंटने चार ओळी लिहून घेतल्या आहेत. ११२, १०३३, समोरच्या दगडाचा किलोमीटर, आणि पोलीस पाटलांचा नंबर. शेजारी त्यांनी एक बांबू रोवला आणि त्याला मामीच्या जुन्या नारिंगी लुगड्याची पट्टी बांधली. पंक्चर काढायला थांबलेले ड्रायव्हर विचारतात, "हे कशाला?" मामा हात पुसत उठतात आणि पट्टी कुठे उडतेय ते आधी त्यांनाच सांगायला लावतात.